सर जेम्स ड्यूअर : थंडी राखणारा माणूस

आमच्या बेळगाव भागातल्या मोठ्या गावांत जनावरांचा दवाखाना असतो आणि त्या दवाखान्याच्या कोपऱ्यात अरुंद मानेचा, बुटका असा एक अ‍ॅल्युमिनियमचा घडा ठेवलेला असतो. डॉक्टर त्याचे बूच काढतात तेव्हा पांढरा धूर मानेवरून खाली ओघळतो. मग लांब चिमट्याने ते आतून एक बारीक नळी वर काढतात. तिच्यात जातिवंत वळूचे रेत असते. तो वळू कदाचित केव्हाच मेलेलाही असेल. घड्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, शून्याखाली १९६ अंश इतका थंड. या घड्याला वीज लागत नाही, बर्फ लागत नाही. दिवे गेले तरी तो आपला शांत बसून असतो. असे घडे आपल्या नाशिकलाही तयार होतात.

हाच घडा मला गेल्या वर्षी अगदी निराळ्या जागी भेटला. माझी आतेबहीण बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांच्या स्फटिकांवर संशोधन करते. तिथे त्या घड्याला सगळे ड्यूअर म्हणत होते. ड्यूअर भरला का, ड्यूअरचे झाकण लाव, असे सारखे चालले होते. हे एका माणसाचे आडनाव आहे असे ताईने सांगितले आणि मी त्या माणसाच्या मागे लागलो. मी कॉमर्सचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. मला ओढले ते एका व्यवहाराच्या गोष्टीने. या गृहस्थांनी साऱ्या जगाच्या बाजारात खपणारी वस्तू तयार केली आणि तिचे पेटंटच घेतले नाही. आमच्या वर्गात असे कोणी केले असते तर त्याला सर्वांनी वेड्यात काढले असते!

आधी त्या स्फटिकांविषयी थोडे सांगतो, कारण ड्यूअर यांचे ऋण तिथेच नीट कळते. साखरेचा खडा आपण दाताखाली फोडतो. प्रथिनाचा स्फटिक तसा टणक नसतो. तो सुईच्या टोकाएवढा असतो आणि त्यात साधारण निम्मे पाणीच असते. त्यावर क्ष-किरण सोडले म्हणजे ते विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून प्रथिनातले अणू कोठे कसे बसले आहेत हे हिशेबाने काढता येते. आपल्या शरीरातली प्रथिने कशी काम करतात, कोणते औषध त्यांच्या कोणत्या खाचेत बसेल, हे त्यावरून कळते. पण ज्या किरणांनी स्फटिक वाचायचा तेच किरण त्याला मोडत जातात. तुटलेले रासायनिक तुकडे आतल्या पाण्यातून हिंडतात आणि आणखी मोडतोड करतात. पुस्तक वाचता वाचता त्याची पाने जळत जावीत, तसे.

उपाय म्हणजे थंडी. शून्याखाली १७० अंशांच्या आसपास हे तुकडे जागच्या जागी थिजतात आणि स्फटिक कितीतरी जास्त काळ टिकतो. पण इथेच खरी मेख आहे. पाणी सावकाश गोठले की त्याचा बर्फ होतो आणि तो सुमारे ९ टक्के फुगतो. बर्फाच्या कप्प्यात विसरलेली पाण्याची बाटली तडकते ना, तसाच स्फटिक आतून फाटतो. म्हणून त्याला इतक्या झटक्यात थंड करावे लागते की पाण्याच्या रेणूंना ओळीत उभे राहून बर्फ व्हायला सवडच मिळू नये. ते आहेत तसे, काचेसारखे थिजले पाहिजेत. मदतीला थोडे ग्लिसरीन किंवा तसलेच काही मिसळतात. ताई सूक्ष्मदर्शकाखाली बघत नायलॉनच्या धाग्याच्या इवल्याशा फासात तो स्फटिक पकडते आणि एका दमात द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवते. पापणी लवायच्या आत काम झालेले असते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो, तशी नायट्रोजनच्या वाफेची गादी स्फटिकाभोवती जमून थंडी पोचायला उशीर करते. म्हणून काही जण द्रवरूप प्रोपेन किंवा इथेन वापरतात. हाकोन होप या शास्त्रज्ञाने १९८८ साली प्रथिनांच्या स्फटिकांसाठी या शीतपद्धतीची वाट सोपी करून दाखवली आणि १९९० साली तो फास आला. अदा योनाथ यांनी रायबोसोमचे अत्यंत नाजूक स्फटिक याच थंडीच्या जोरावर वाचते केले. त्यांच्याबरोबर २००९ चे नोबेल वाटून घेणारे वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.

या सगळ्या मंडळींच्या हाताशी थंडी तयार होती, भांड्यात भरून ठेवलेली. ते भांडे करणाऱ्या माणसाची आता हकीकत.

जेम्स ड्यूअर याचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधल्या किंकार्डिन गावी झाला. वडील खाणावळवजा सराय चालवीत. भावंडांत जेम्स सर्वांत धाकटा. दहा वर्षांचा असताना तो गोठलेल्या पाण्यावर गेला आणि पायाखालचा बर्फ फुटून आत पडला. त्यातून संधिवाताचा ताप जडला आणि दोनेक वर्षे तो जवळजवळ पांगळाच झाला. शाळा सुटली. ज्याने पुढे जगातल्या सर्वांत थंड वस्तू तयार केल्या त्याच्या आयुष्याचे वळण असे बर्फानेच ठरवावे, हे कादंबरीत वाचले असते तर मी लेखकाला हसलो असतो.

घरी बसलेल्या या मुलाला गावच्या सुताराने व्हायोलिन करायला शिकवले. लाकूड तासणे, वाकवणे, सांधणे, यात त्याची बोटे तयार झाली. आपल्या हाताच्या कौशल्याचे श्रेय पुढे ते स्वतः याच व्हायोलिनांना देत असत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे मुलाची शाळा बुडाली म्हणजे वर्ष वाया गेले म्हणतात.

पंधराव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. जेम्स डॉलर गावच्या शाळेत शिकला, तिथून एडिंबरो विद्यापीठात गेला आणि प्राध्यापक लायन प्लेफेअर यांचा मदतनीस झाला. १८६७ साली काही काळ त्याने बेल्जियममधील गेंट येथे केकुले यांच्याकडे काढला. नंतर एडिंबरोच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवू लागला. आमच्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या घड्याचा जनक एके काळी गुरांच्या डॉक्टरांचाच मास्तर होता, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. १८७१ साली हेलन बँक्स हिच्याशी विवाह झाला. १८७५ मध्ये केंब्रिजला प्राध्यापकपद आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्राचे अध्यासन मिळाले. दोन्ही जागा त्यांनी मरेपर्यंत सोडल्या नाहीत. मन मात्र लंडनलाच रमले. डेव्ही आणि फॅराडे यांनी जिथे काम केले ती ही वास्तू. फॅराडे यांनी अनेक वायू दाबून आणि थंड करून पातळ केले होते; ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे थोडेच दाद देईनात. त्यांना कायमचे वायू असे नाव पडले होते.

ते नाव हळूहळू खोटे ठरू लागले. १८७७ साली फ्रान्समध्ये काइयते आणि स्वित्झर्लंडमध्ये पिक्ते यांना ऑक्सिजनचे तुषार दिसले. १८८३ साली पोलंडच्या क्राकोव शहरात व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी ऑक्सिजन आणि नायट्रोजन भांड्यात स्थिर पातळ रूपात मिळवले. म्हणजे शर्यतीत ड्यूअर पहिले नव्हते. त्यांचा हातखंडा होता तो मोठ्या प्रमाणावर द्रव तयार करून तो भरसभेत दाखवण्यात. १८९१ साली फॅराडे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांनी श्रोत्यांसमोर द्रवरूप ऑक्सिजन आणला. त्याच वर्षी त्यांनी दाखवले की हा फिकट निळा द्रव लोहचुंबकाकडे ओढला जातो.

अडचण अशी की द्रव मिळाला तरी तो राहत नव्हता. शून्याखाली १८३ अंशाच्या ऑक्सिजनला लंडनची हिवाळ्यातली खोलीसुद्धा भट्टीसारखी. साध्या काचेत तो उकळून उडून जाई आणि बाहेरून जमलेल्या हिमकणांमुळे आतले काही दिसतही नसे. मिळकत मोठी पण तिजोरीला भोक, अशी ही स्थिती. तेव्हा १८९२ साली ड्यूअरनी एकात एक अशी दोन काचपात्रे गळ्याशी जोडली आणि मधल्या फटीतली हवा काढून घेतली. उष्णता एक तर पदार्थातून वाहते, किंवा हवेच्या हालचालीबरोबर येते, किंवा किरणांनी येते. मध्ये काहीच नसले की पहिल्या दोन वाटा बंद. उरली तिसरी, तिच्यासाठी काचेला आतून चांदीचा आरशासारखा मुलामा दिला. झाले! वीस वर्षांपूर्वी, १८७२ च्या सुमारास, उष्णता मोजण्याच्या एका प्रयोगासाठी त्यांनी पितळेचे असेच पोकळ भिंतीचे भांडे केले होते. ती जुनी युक्ती आता फळाला आली.

याच भांड्यात कोणी थंडीऐवजी गरम चहा ठेवला म्हणजे त्याचा थर्मास होतो. पोकळीला आत काय आणि बाहेर काय याची पर्वा नसते. बर्लिनच्या राइनहोल्ड बर्गर या काचकाम करणाऱ्या कारागिराने १९०३ साली घरगुती बाटलीचे पेटंट घेतले, १९०४ मध्ये थर्मास कंपनी उभी राहिली, आणि लवकरच इंग्लंड-अमेरिकेत तिचे हक्क विकले गेले. ड्यूअर यांच्यापाशी पेटंट नव्हते, म्हणून अडवायला हाती काही नव्हते. पुढे थर्मासचीही एक मजा झाली. सारे जग अशा कोणत्याही बाटलीला थर्मास म्हणू लागले, आणि १९६३ साली अमेरिकन न्यायालयाने हा शब्द आता सर्वांचा झाला असा निर्णय कायम केला. व्यापारचिन्हाच्या कायद्यात हा खटला अजून शिकवतात. आमच्या घरी थर्मास म्हणतात, शेजारच्या कानडी घरात फ्लास्क म्हणतात. ड्यूअर मात्र कोणीच म्हणत नाही.

शास्त्रज्ञाला व्यवहार कळत नसतो, असे कोणी म्हणेल. मीही तसेच समजून पुढे गेलो असतो. पण ड्यूअर यांना पेटंट चांगले ठाऊक होते. सरकारच्या स्फोटकद्रव्य समितीवर असताना त्यांनी आणि फ्रेडरिक एबल यांनी १८८९ साली कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू शोधली आणि तिचे रीतसर पेटंट घेतले. ही नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज यांपासून केलेली दारू. आपल्याकडे नीलगिरीत अरुवनकाडू येथे तिचाच कारखाना निघाला. आल्फ्रेड नोबेल यांच्या मते ही त्यांच्या बॅलिस्टाइटची नक्कल होती. ते समितीला आपली माहिती विश्वासाने देत आले होते. नोबेल यांच्या कंपनीने दावा लावला. नोबेल यांच्या पेटंटात विरघळणाऱ्या जातीचे नायट्रोसेल्युलोज असे शब्द होते आणि कॉर्डाइटमध्ये न विरघळणारे वापरले होते. एवढ्या शब्दांवर हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन १८९५ साली नोबेल हरले. अर्ज लिहिताना एक विशेषण जास्त पडले की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या क्रमिक पुस्तकात नाही. कायदा ड्यूअर यांच्या बाजूने होता. पण पाहुण्याच्या ताटातले उचलल्यासारखे काहीतरी त्यात आहे, असे मला वाटते.

म्हणजे हा माणूस उदार होता म्हणून काचेचे भांडे सोडले, असे काही दिसत नाही. भांडे त्यांच्या लेखी साधन होते, स्वयंपाकघरातल्या पातेल्यासारखे. त्यांचा जीव गुंतला होता तो पहिले येण्यात. त्या मालमत्तेवर मात्र ते नागासारखे बसून असत.

१० मे १८९८ रोजी ते पहिले आलेही. वायू १८० वातावरणांच्या दाबाखाली आणि शून्याखाली २०५ अंशांपर्यंत थंड करून त्यांनी एका बारीक तोटीतून सोडला, आणि चांदीच्या मुलाम्याच्या भांड्यात सुमारे २० घनसेंटिमीटर द्रवरूप हायड्रोजन साठला. शून्याखाली २५२ अंशांपेक्षाही थंड! पुढच्याच वर्षी तो गोठवूनही दाखवला. या कामाची किंमत त्यांच्या माणसांनी मोजली. लेनक्स आणि हीथ या दोन्ही मदतनिसांचा स्फोटांत एकेक डोळा गेला. त्या काळच्या चित्रांत आणि बातम्यांत मोठे दिसतात ते ड्यूअर. मला वाटते, या दोघांची नावे त्यांच्या नावाशेजारी छापली पाहिजेत.

आता एकच वायू उरला, हीलियम. आणि तो होता विल्यम रॅम्झी यांच्याकडे, त्याच लंडनमध्ये, मैल-दीड मैलावर. १८९५ साली एका खनिजातून हीलियम पृथ्वीवर पहिल्यांदा वेगळा काढणारे ते हेच. एकाकडे थंडी, दुसऱ्याकडे वायू. दोघांनी एकदा चहाला बसायचे होते. पण ते बसणे शक्यच राहिले नव्हते. विल्यम हॅम्पसन या गृहस्थाने हवा पातळ करायचे सुटसुटीत यंत्र केले, तेव्हा त्याच्याशी श्रेयावरून ड्यूअर यांचा वाद पेटला. रॅम्झी यांनी उघडपणे सांगितले की हायड्रोजन ओल्शेव्हस्कीने आधीच पातळ केला आहे. नंतर ओल्शेव्हस्कीनेच ते नाकारले आणि रॅम्झींना शब्द मागे घ्यावा लागला. म्हणजे चूक एकट्या ड्यूअर यांची नव्हती. पण त्यांनी क्षमा केली नाही. हॅम्पसनने रॅम्झींना द्रवरूप हवा पुरवली आणि तिच्यातून १८९८ साली रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांना क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन असे तीन नवे वायू सापडले. ज्याला दारातून हाकलले त्याने शेजारच्या घरात दिवाळी केली.

ड्यूअर बाथ येथील गरम झऱ्यांच्या वायूतून थोडा थोडा हीलियम गोळा करीत बसले. त्यात निऑन मिसळलेला असे. तो आधीच गोठून नळ्या बुजवी. वर्षे गेली. हॉलंडमध्ये लायडेनला कामरलिंग ओनेस यांनी दुसरीच रीत ठेवली होती. त्यांनी यंत्रकामाची आणि काचकामाची शाळाच काढून मुले तयार केली, भावाच्या ओळखीने मोनाझाइट वाळू आणवली, आणि १० जुलै १९०८ रोजी सुमारे ६० घनसेंटिमीटर हीलियम पातळ केला. ज्या काचेत तो पहिल्यांदा दिसला ती ड्यूअर यांच्याच पद्धतीची, चहूबाजूंनी पोकळी असलेली. ओनेस यांना १९१३ चे नोबेल मिळाले, रॅम्झींना १९०४ मध्येच मिळाले होते. ड्यूअर यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. पारितोषिक आले नाही. १९०४ साली सर ही पदवी आणि १९१६ साली कोप्ली पदक मिळाले.

त्यांचा स्वभाव शीघ्रकोपी होता. बंद दाराआड काम करायचे, शिष्य घडवायचे नाहीत. लेनक्स अखेर सोडून गेला आणि ड्यूअर जिवंत असेपर्यंत त्या इमारतीत पाऊल टाकले नाही, असे सांगतात. केंब्रिजच्या लिव्हिंग यांच्याशी मात्र अनेक वर्षे वर्णपटांचे काम एकत्र चालले, तेव्हा माणूस अगदीच एकलकोंडा म्हणता येत नाही. मूलबाळ नव्हते. पहिल्या महायुद्धात महागड्या थंडीला पैसा राहिला नाही, तेव्हा सत्तरी ओलांडलेले सर जेम्स साबणाचे फुगे करू लागले. स्वच्छ हवेत, धूळ लागू न देता, फार दिवस टिकणारे फुगे. १९२१ साली लग्नाला पन्नास वर्षे झाली, त्या समारंभात एक व्हायोलिन वाजवले गेले. त्यावर जेम्स ड्यूअर, १८५४ अशी अक्षरे होती. २७ मार्च १९२३ रोजी, ऐंशीव्या वर्षी, रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्याच घरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी आले विल्यम हेन्री ब्रॅग, क्ष-किरणांनी स्फटिक वाचायची विद्या मुलासह उभी करणारे. थंडीची प्रयोगशाळा स्फटिकांची झाली. याच इमारतीत, मुलगा लॉरेन्स ब्रॅग प्रमुख असताना, डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली लायसोझाइमची रचना उलगडली. एखाद्या विकराची क्ष-किरणांनी उलगडलेली ही पहिली रचना. ते स्फटिक साध्या खोलीच्या तापमानालाच तपासले गेले. ड्यूअर यांच्या घरात स्फटिक आले, पण ड्यूअर यांच्या भांड्यात जायला त्यांना आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

आता ते नेहमीचे झाले आहे. ताईकडे स्फटिक परदेशी सिंक्रोट्रॉनला पाठवायचे असले की कोरडा ड्यूअर वापरतात. त्यात नायट्रोजन एका सच्छिद्र पदार्थात मुरवलेला असतो, म्हणून विमानात सांडत नाही, आणि आठ-दहा दिवस थंडी राहते. मी तिच्याजवळ त्या पार्सलचे कागद मागून पाहिले. सवयीने नजर किमतीच्या रकान्यावर गेली. ड्यूअरची किंमत लाखाच्या वर लिहिली होती. स्फटिकांपुढे लिहिले होते, व्यापारी मूल्य नाही. दोन वर्षांची मेहनत आहे ती, असे ताई म्हणाली आणि तिने सही केली.